तुम्ही विचारलंत म्हणून: मी कॉपी-फॉरवर्ड का करत नाही

"सिस्टर, पेशंटची मागची नोट एका क्लिकवर जशीच्या तशी पुढे कॉपी होते, तरी तुम्ही सगळं नव्याने का टाइप करत बसता?" वॉर्डला नवीन आलेली प्रत्येक मुलगी हे विचारते, आणि मग हळूच, "कॉम्प्युटरची भीती वाटते का?"

नाही गं. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात माझ्या किती रात्री गेल्यात, आता पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर औषध टाकतानाच लाल सूचना येते, मला त्याचं मोल कळतं. फक्त दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये बटणं शिकवली, नोट कशी लिहायची ते नाही.

हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. संध्याकाळी पाचला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढलेला. मी नाईटला, तेवीस पेशंट आणि आम्ही दोघी. दोन वाजता आदल्या रात्रीची नोट पुढे ओढली, बीपी-पल्स बदलले, सेव्ह केलं. "कॅथेटर चालू, युरीन क्लिअर" ही ओळ तशीच राहिली. आजोबा कण्हत होते, मला वाटलं टाके दुखत असतील, आणि नोटमध्ये तर सगळं ठीकच दिसत होतं ना. चार वाजता त्यांची मुलगी माझा हात धरून घेऊन गेली, म्हणाली पोट बघा हो. बेंबीपर्यंत फुगलेलं, हात लावू देईनात. अकरा तास लघवी नाही. परत कॅथेटर घातला, पिशवीत ११०० मिली. कॅथेटर काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली का बघायचं, हे मीच स्टुडंट्सना शिकवायचे.

नोटखाली माझं नाव, वेळ ०२:१०. ती पुसता येत नाही, खाली दुरुस्ती जोडता येते, ती मी जोडली. मुलीने पेपर मागितले. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाने ते ७२ तासांत द्यावे लागतात, म्हणजे माझी ती खोटी ओळ तिच्या हातात गेली. आजोबा बरे होऊन घरी गेले, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मी म्हणत होते, तेवीस पेशंटना दोघी कशा पुरणार? आजही म्हणते, ते खरंच आहे. पण त्या कॉटपर्यंत दहा पावलं होती, तेही खरं आहे.

म्हणून मी आधी कॉटजवळ जाते, मग लिहिते. यात ड्युटी संपल्यावर तासभर जातो, आणि परवा बारा नंबरची बेल वाजत होती तेव्हा मी टाइपच करत होते.