गिझरचा लाल दिवा

ठाण्यात थंडी पडली की नाही हे ठरवायला थर्मामीटर लागत नाही. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणारे आजोबा कानटोपी घालून आले की थंडी पडली. पारा अठरावर येतो, फार तर सोळावर, आणि आम्ही कपाटातले स्वेटर बाहेर काढतो. पुढचे चार दिवस सगळ्या शहराला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. घोडबंदर रोडवाले "आमच्याकडे येऊरचा वारा येतो हो, तुम्हाला नौपाड्यात काय कळणार" असं म्हणून आपली थंडी परस्पर दोन अंशांनी वाढवून घेतात. खरी थंडी १९६२ सालची, असं आई सांगायची. त्या वर्षी २२ जानेवारीला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते. आईच्या गोष्टीत मात्र तो पारा दरवर्षी थोडा थोडा आणखी खाली जात असे.

माझी धाकटी बहीण लेस्टरला असते. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती घरातच जाडजूड जॅकेट घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती.

"ताई, हीटिंग अठरावर ठेवलंय. त्याच्यावर न्यायची हिंमत नाही होत बिल बघून."

इकडे मीही शाल पांघरून बसले होते. आमच्याकडेही त्या सकाळी अठराच होते! तिच्या घरात अठरा अंश यावेत म्हणून गॅस जळत होता आणि माझ्या घरात अठरा अंश आलेत म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. घरात निदान अठरा अंश तरी असावेत असं जागतिक आरोग्य संघटना थंड देशांना सांगते. त्यांचा किमान आकडा तो आमच्या कानटोपीचा आकडा.

तिचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वसाधारण घराचं गॅस आणि विजेचं मिळून वर्षाचं बिल १,२७७ पौंड धरलं जात होतं. रशियानं युक्रेनवर हल्ला केला, गॅस भडकला, आणि पुढच्या ऑक्टोबरात सरकारनं पदरचे पैसे घालूनही ते २,५०० पौंडांच्या आत ठेवता आलं नाही. नंतर भाव उतरले, पण पूर्वीच्या जागी काही गेले नाहीत. मग बहिणीनं उपाय सुरू केले. वापरात नसलेल्या खोल्यांचे रेडिएटर बंद. बॉयलरमधून निघणारं पाणी पंचाहत्तरऐवजी साठ अंशांवर. नव्या पद्धतीचे बॉयलर त्यामुळे गॅस कमी खातात म्हणे. दाराखालच्या फटीत आईचं जुनं नऊवारी लुगडं गुंडाळून लावलेलं. आई असती तर त्या लुगड्याच्या विदेशवारीवर तासभर बोलली असती.

आमच्याकडे घर तापवावं लागत नाही. आमच्याकडे माणूस तापवायचा, तोही एका बादलीपुरता. पण तेवढ्या एका बादलीवरून घरात जे राजकारण चालतं त्याला तोड नाही.

लहानपणी आम्ही चाळीत राहायचो तेव्हा तांब्याचा बंब फक्त कोपऱ्यावरच्या घरात होता. बाकी सगळीकडे भुशाची शेगडी. वखारीतून पोत्यानं भुसा यायचा. रात्री जेवणं आटोपली की आई पत्र्याच्या शेगडीत मधोमध एक बाटली उभी करायची, खालच्या भोकातून दुसरी आडवी सरकवायची आणि भोवती मूठ मूठ भुसा घालून बत्त्यानं ठासायची. मग खरं कसब. बाटल्या हलक्या हातानं फिरवत, भुसा ढासळू न देता बाहेर काढायच्या. वडिलांनी एकदा हौसेनं हे काम घेतलं आणि अख्खा डोलारा कोसळला. त्यानंतर त्यांना शेगडीजवळ कोणी फिरकू दिलं नाही. पहाटे रॉकेलात बुडवलेला बोळा खालून पेटवला की ती शेगडी मुकाट्यानं दोन-तीन तास धुमसत राहायची. भुसा दमट निघाला तर मात्र सगळ्या चाळीच्या डोळ्यांना पाणी.

शेगडीवर मोठं पातेलं, आणि पातेल्याचा कायदा एकच: जेवढं कढत पाणी उपसाल तेवढं गार ओता. हा कायदा मोडणारा माझा भाऊ. तो गरम पाणी उपसून पसार व्हायचा आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला तळाशी उरलेलं तांब्याभर पाणी यायचं. पण आईला न बघता कळायचं कोणी किती घेतलं ते. पोत्यात भुसा किती उरलाय, महिनाअखेर कधी आहे, परीक्षा कोणाची आहे, सर्दी कोणाला झालीय, हे सगळं तिच्या डोक्यात एकाच हिशेबात असायचं. सर्दीवाल्याला अर्धं पातेलं जास्त. बाकीच्यांना विसण घालून घालून कोमट.

आता भुशाचं पोतं नाही, म्हणून तो हिशेबही कोणाकडे नाही. आता आहे तो गिझरचा लाल दिवा.

बाथरूमबाहेरच्या बटणावरचा हा दिवा म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात संशयित इसम. "गिझर कोण चालू ठेवून गेलं?" हा प्रश्न आमचे अहो दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सुरू करतात तो होळीपर्यंत. प्रश्नाला उत्तर नसतं, कारण गेलेला माणूस एव्हाना लोकलमध्ये असतो.

एकदा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. एक लीटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते हे शाळेत शिकलो होतो, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. आमच्या नळाचं पाणी जानेवारीत बावीसच्या आसपास असतं, अंघोळीला चाळीस पुरे. वीस लिटरची बादली, अठरा अंश, म्हणजे ३६० किलोकॅलरी. अर्ध्या युनिटाहून कमीच. युनिटचा दर सगळे आकार धरून बारा रुपये मानला, तर अंघोळ पाच रुपयांची. सकाळच्या टपरीवरचा कटिंगसुद्धा यापेक्षा महाग आहे.

पण हे बादलीचं गणित. आमच्या चिरंजीवांना बादली माहीत नाही. त्यांना शॉवर लागतो, आणि शॉवरखाली उभं राहून ते काय विचार करतात ते त्यांनाच ठाऊक. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठेक लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं उभं राहिलं की चार बादल्या झाल्या, पाचाचे वीस झाले. त्यात गिझरचा काटा पंचाहत्तरवर फिरवून ठेवायचा आणि मग तेच पाणी गार पाणी मिसळून चाळीसवर आणायचं, हा शहाणपणा वेगळाच. पाणी जितकं जास्त तापवून ठेवावं तितकी टाकीतली उष्णता भराभर बाहेर निसटते. काटा मी पन्नास-पंचावन्नवर आणून ठेवला आहे. तो अधूनमधून आपोआप वर जातो. भुताटकी असावी.

गंमत म्हणजे आमचं सगळ्यात मोठं बिल थंडीत येतच नाही. ते येतं मे महिन्यात. एसी रात्रभर चालतो, पंखा चोवीस तास गरगरतो, फ्रिज धापा टाकत असतो. एसीची एक रात्र म्हणजे सहजी सहा-सात युनिटं, चौघांच्या बादल्यांच्या चौपट. पण एसीच्या दिवसांत "कोणी चालू ठेवला?" असं अहो विचारत नाहीत, कारण तो त्यांनीच चालू ठेवलेला असतो.

बिल आलं की सोसायटीच्या बाकावर हमखास एकजण सांगतो, "तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दरानं लागतं." असं नसतं. महावितरणचे घरगुती टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशेला बदलतात, पण चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि शेवटी सोळा टक्के वीज शुल्क हे सगळं चढत चढत आकडा फुगतो ती गोष्ट वेगळी. हे मी बाकावर समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात त्याच माणसानं तेच सांगितलं आणि तितक्याच माना डोलल्या.

काटकसरीचे काही प्रकार मात्र मला बघवत नाहीत. बादलीवर आडवी काठी टाकून कॉइल लटकवायची आणि पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायचं. बटण बंद करायच्या आधी! किंवा खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर बसवायचा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दरवर्षी पेपरात कुठल्यातरी गावची ती बातमी असतेच. पाच रुपये वाचवायला हा सौदा करणाऱ्यांना आईनं बत्त्यानं ठासलं असतं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर तसं सोलर आहे. नव्या इमारतींना ते लावणं ठाणे महापालिकेनं बंधनकारक केलं, म्हणून बिल्डरनं लावलं, आणि लावण्यापलीकडे काही केलं नाही. ऊन फुकट, पाणी कढत, पण ते असतं संध्याकाळी. सकाळी ५:४० ची लोकल पकडणारे सातव्या मजल्यावरचे लोक उरलंसुरलं उपसून जातात. पहिल्या मजल्यावर गरम पाणी उतरेपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. पहिल्या मजल्यावरच्या देशस्थ काकू ते वाया घालवत नाहीत. त्यातच लादी पुसतात, कुंड्यांना घालतात आणि शेवटी गिझर लावतात.

पाइपांना उष्णतारोधक वेष्टण घालावं आणि उपशाच्या वेळा ठरवाव्यात असा अर्ज काकूंनी कमिटीला दिला. डिसेंबरच्या सभेत सातवा मजला एकदिलानं विरोधात गेला, "ज्यानं त्यानं आपलं बघावं" यावर गाडी आली आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पुढची सभा असते मार्चअखेर. तोवर टँकरचे दर वाढलेले असतात आणि पाणी गरम की गार हे कोणी विचारत नाही, किती वाजता येणार एवढंच विचारतात. काकूंनी या वेळी अर्जाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, पुढच्या डिसेंबरसाठी.