वीसची कोरी नोट, आणि तिच्यावरची चांदणी

आज बँकेत कॅशियरकाकांनी वीसच्या नव्या नोटांचं बंडल फोडलं आणि पट्टीवर 'स्टार' दिसताच माझं काळीज लकाकलं. काका, थोड्या मला द्या ना, म्हणून पाच नोटा मागून घेतल्या. कोऱ्या करकरीत, एकही घडी नाही.

छपाईत एखादी नोट खराब निघाली की तिच्या जागी ही 'स्टार' नोट भरतात. आकड्यांच्या आधीची अक्षरं आणि क्रमांक यांच्या मधोमध छोटीशी चांदणी. आपल्याकडे २००६ पासून दहा, वीस, पन्नासच्या नोटांवर ती येऊ लागली, पाचशेवर २०१६ मध्ये. बंडलात नोटा शंभरच, पण क्रमांक ओळीनं नसतात.

घरी येऊन भिंगाखाली बघत बसले. पोपटी-पिवळा रंग, डावीकडून उजवीकडे मोठे होत जाणारे आकडे, आणि मागे आपलं वेरूळ! खडक वरून खाली कोरत नेलेली ती लेणी एवढ्याशा कागदावर इतक्या बारीक रेषांत उतरवणाऱ्याचे हात कसे असतील?

(नोटा पाकिटात ठेवताना कडेलाच धरा हं, बोटांचा घाम लागला की कोरेपण गेलंच.)

चार अल्बममध्ये गेल्या. पाचवी भाचीसाठी ठेवलीय, तिनं परवाच पहिली नोट जमवली.