पांढरी पाचमधला गंधार

मागची नोंद लिहिली तेव्हा क्वायरमध्ये, म्हणजे चार आवाजांत एकत्र गाणाऱ्या गटात, नाव घालून जेमतेम दोन आठवडे झाले होते. मध्ये पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. भजनातून किंवा शास्त्रीय गाण्यातून येऊन चार आवाजांच्या गाण्यात शिरणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून यावेळी सविस्तर लिहिते. त्यातही एकाच स्वराबद्दल, गंधाराबद्दल (सा रे ग मधला ग) जास्त, कारण माझे बहुतेक महिने त्याच्याच मागे गेले.

जून, जुलै

तालीम दर मंगळवारी, दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये. ऑफिस फोर्टला. चर्चगेटहून वेळेत स्लो लोकल मिळाली तर सव्वासातला हॉलच्या पायऱ्या चढते. आम्ही बत्तीस जण आहोत. बहुतेक माहीम, ऑर्लेम आणि वसईकडचे ख्रिस्ती, दोन पारशी बहिणी, आणि भजनी मंडळांतून आलेले माझ्यासारखे तिघं. सर वसईचे, आमच्याशी मराठीतच बोलतात. चार आवाज म्हणजे बायकांचा वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो, पुरुषांचा वरचा टेनर आणि खालचा बास. मला त्यांनी आल्टोत बसवलं.

वीस वर्षं मी भजन गातेय. भजनात गर्दी हाच आधार असतो. बुवा चाल सुरू करतात, टाळकरी ध्रुपद उचलतात आणि सगळे गळे एका स्वरावर येतात. दम संपला तरी शेजारची ओढून नेते. इथे डावीकडची सोप्रानो माझ्याहून वेगळा स्वर लावते, मागचा टेनर आणखी वेगळा, आणि दोघंही बरोबर असतात! पहिले पाच मंगळवार माझा कान सोप्रानोकडे धावत राहिला. दोन ओळी आल्टोच्या गायच्या आणि तिसऱ्या ओळीला नकळत वरच्या चालीवर जायचं, असं चाललं होतं.

त्यावर दोन उपाय लागू पडले. पहिला म्हणजे माझी ओळ भातखंडे लिपीत उतरवून घेणं. स्टाफ नोटेशन मला वाचता येतं, पण गळ्यात उतरतं ते सरगमच. म्हणून छापील ओळीच्या खाली पेन्सिलने स्वर लिहिते, कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब, तारेवर टिंब. सध्याच्या तुकड्याचा सा पेटीची पांढरी पाच, म्हणजे जी. गाणं मध्येच दुसऱ्या स्वरावर ठाण मांडतं तेव्हाही मी सा हलवत नाही. काही जण तिथे नवा सा धरतात. माझा अनुभव असा की एकच सा शेवटपर्यंत धरला तर कुठे कोमल होतंय आणि कुठे शुद्ध, ते डोळ्यांपुढे स्पष्ट राहतं.

दुसरा उपाय बोटांचा. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झोच्या ग्विडो नावाच्या भिक्षूने गाणाऱ्या मुलांसाठी संत योहानाचं एक स्तोत्र घेतलं. त्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरं म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे त्याच्या नावाने 'ग्विडोचा हात' रूढ झाला, त्यात बोटांच्या पेरापेरांवर स्वर बसवलेले असत. हे ऐकलं आणि मला आपले सामवेद गाणारे सामगायक आठवले. अंगठा बोटांच्या पेरांना लावून स्वर दाखवायची त्यांची रीत 'नारदीय शिक्षा' या जुन्या ग्रंथात आहे, तिला गात्रवीणा म्हणतात. (सामातही वाटण्या असतात. प्रस्ताव प्रस्तोत्याचा, उद्गीथ उद्गात्याचा, प्रतिहार प्रतिहर्त्याचा, आणि शेवटचं निधन तिघांनी मिळून. फक्त वेगवेगळे स्वर एकाच वेळी नसतात.)

तेव्हापासून लोकलमध्ये उजव्या हाताने हँडल धरते आणि डाव्या हाताच्या पेरांवर अंगठ्याने माझी ओळ चालवते. तर्जनीचं खालचं पेर सा. कानात सोप्रानोचं रेकॉर्डिंग, बोटांवर आल्टो. महालक्ष्मी ते दादर एवढ्यात एक पान होतं. जुलैअखेर सोप्रानोकडे धावणं थांबलं. चार भागांचं गाणं शिकणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगेन: स्वतःची ओळ ऐकत पाठ करू नका, दुसऱ्याची ओळ ऐकत स्वतःची पाठ करा.

ऑगस्ट

मुख्य तुकडा मिळाला: इंग्लंडचा संगीतकार विल्यम बर्ड याचं 'आवे वेरुम कॉर्पुस' हे लॅटिन स्तोत्र. चार आवाज, साथीला वाद्य नाही, जेमतेम चार मिनिटं. १६०५ सालच्या 'ग्रादुआलिया' या त्याच्या संग्रहात ते छापलं गेलं. बर्ड कॅथलिक होता आणि त्याच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायला बंदी होती. त्याची ही गाणी घराघरांत, दारं लावून, मोजक्या गळ्यांनी गायली जात. त्याच साली लंडनमधल्या एका खाणावळीत एका माणसाजवळ या संग्रहाच्या वह्या सापडल्या आणि त्याला तुरुंगात टाकलं. सरांनी हे सांगितल्यावर बत्तीस जणांचा आवाज आपोआप खाली आला. खोलीत मावेल एवढंच गायचं, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

सुरुवातीलाच एक जागा आहे. 'आवे वेरुम'मध्ये सोप्रानो शुद्ध निषाद लावते, आणि तो स्वर हवेत असतानाच खाली बास कोमल निषादावर येतो. दोन निषाद, एकमेकांना लागून, वेगवेगळ्या गळ्यांत. खमाजात आपण आरोहाला शुद्ध आणि अवरोहाला कोमल निषाद घेतो, पण तिथे एकाच गळ्याला वळण घ्यायला वेळ मिळतो. इथे मध्ये वेळच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात खड्डा पडला. अजून पडतो. हा पूर्ण तुकडा मला कधी कंटाळवाणा होईल असं वाटत नाही, आणि त्याचं निम्मं कारण ही जागा आहे.

उच्चारांत मराठी जिभेचा फायदा होतो. लॅटिनचा 'ए' सरळ हवा, इंग्रजीसारखा शेवटी 'ई'कडे कललेला नको, आणि आपला ए मुळातच सरळ आहे. 'क्रूचे'मधला च मात्र चिमणीतला, चाकातला नव्हे. भजनी मंडळवाल्या तिघांनाही हे एकदा सांगावं लागलं.

सप्टेंबर

तालमी दोनच झाल्या. गणपतीत आमच्या चाळीत रोज दोन वेळा आरती. तिसऱ्या दिवशी 'घालीन लोटांगण'ला मी खालचा तिसरा स्वर धरून गायला लागले आणि आत्याने वळून पाहिलं. आरती झाल्यावर जवळ येऊन म्हणाली, "काय गं, तुझी चाल निराळी, पण लागत होतं बरोबर." तिने कधी क्वायर ऐकलेला नाही. मला ते फार मोलाचं वाटलं.

ऑक्टोबर

आता मुख्य अडचण. सरांनी बर्ड मोबाईलवर रेकॉर्ड केलं, आणि संपल्यावर पियानोवर जी वाजवला. आम्ही पांढरी पाचवर सुरू केलेलं गाणं काळी तीनच्या आसपास येऊन थांबलं होतं. चार मिनिटांत जवळपास अर्धा स्वर उतरलो होतो, आणि कुणालाच ते जाणवलं नव्हतं, कारण सगळे एकत्र उतरत होते.

वाद्याशिवाय गाणाऱ्या क्वायरचं हे जुनं दुखणं आहे. थकलेला दम, एकच स्वर पुन्हा पुन्हा आला की तो ढिला पडणं, उतरताना पावलं मोठी टाकणं, ही नेहमीची कारणं. सर आम्हाला, म्हणजे आल्टोंना, म्हणाले, "तुमचा गंधार पडतोय." मला ते पटेना. मला तर तो पियानोपेक्षा गोड लागत होता. त्या रात्री घरी येऊन तंबोरा काढला.

माझा घरचा साही पांढरी पाचच आहे. खर्जाची तार लावली की ती ९८ हर्ट्झची. जवारी (घोडीवर तार जिथे टेकते ती जागा) नीट बसली असेल तर त्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश असतो: ९८ ची पाचपट, ४९०. पियानोचा बी असतो ४९३.९. म्हणजे पियानोचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट). ट्यूनर ॲप समोर ठेवून दोन्ही गाऊन पाहिले. पियानोच्या जागी आवाज नेला की तारेशी सेकंदाला जवळजवळ चार वेळा थरथर होते, चाळीच्या पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तशी. आवाज किंचित खाली आणला की थरथर मंदावते, आणि एका जागी पूर्ण थांबते. त्या जागी माझा आवाज मला वेगळा ऐकू येईनासा झाला. तंबोराच भरून आल्यासारखा वाटला. रात्री साडेअकरापर्यंत तेवढंच करत बसले.

म्हणजे माझा कान चुकत नव्हता. पण सरही चुकत नव्हते. मी गंधार ४९० वर लावत होते, बरोबर. पण शेजारच्या दोघी ऐकून ऐकून आणखी खाली जात होत्या, आणि पुढच्या वाक्यात बास आमच्या उतरलेल्या गंधारावरून आपला सा शोधत होते. त्यात एक हिशेबाचा पेचही आहे. पंचमामागून पंचम असे चार वेळा चढून मिळालेला गंधार आणि स्वयंभू गंधार एक नसतात. दोघांत ८१/८० चा फरक उरतो, साधारण २१.५ सेंट. आपल्याकडचे अभ्यासक याच अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात. सोळाव्या शतकात बेनेदेत्ती नावाच्या इटालियन गणितज्ञाने सिप्रियानो द रोरे या संगीतकाराला पत्रांतून दाखवून दिलं होतं की प्रत्येक स्वरांतर शुद्ध ठेवत गेलं तर काही वळणं अशी आहेत जिथे दर फेरीला सगळा क्वायर एवढा सरकतो. रागात हा प्रश्न येत नाही, कारण तंबोरा सा सोडत नाही. क्वायरला तंबोरा नाही, चौघांनी एकमेकांचा तंबोरा व्हायचं असतं.

या गंधाराच्या मागे लागून मी जुनी गाणीही त्याच कानाने ऐकली. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा संगीतकार पेरोतँ, साधारण इसवी सन १२०० चा. त्याच्या 'विदेरुंत ओम्नेस'मध्ये खालचा आवाज स्तोत्राचं एकेक अक्षर इतकं लांबवतो की तो तंबोराच वाटतो, आणि वर तीन आवाज खेळतात. पण मुक्कामाला फक्त सा आणि पंचम. गंधार वाटेत भेटतो, मुक्कामाला राहत नाही, त्या काळी तो विश्रांतीचा स्वर मानत नसत. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या डनस्टेबल या संगीतकाराची गाणी युरोपभर गेली, तेव्हा त्यातल्या गंधारांचा गोडवा लोकांना नवा वाटला. बर्डपर्यंत येताना गंधार मुक्कामाला हक्काने बसलेला दिसतो. या 'आवे वेरुम'मध्ये जवळजवळ सगळा वेळ कोमल गंधाराची छाया आहे आणि शेवटच्या 'आमेन'ला शुद्ध गंधार येतो. चार मिनिटं वाट पाहून आलेला तो स्वर पडलेला लागला तर सगळं वाया.

नोव्हेंबर, डिसेंबर

सरांना घाबरतच विचारलं, "सर, एकदा तंबोरा आणू का?" ते म्हणाले, "आण की. पण ॲप नको, खरा आण." मंगळवारी टॅक्सीने घेऊन गेले, दमट हवेने तारा दोनदा उतरल्या, पण लागला. सगळ्यांना गोल उभं केलं. बासने सा, टेनरने पंचम, सोप्रानोने वरचा सा, सगळे अगदी हळू, आकारात. आल्टोंनी थांबून फक्त तंबोरा ऐकायचा आणि जो गंधार ऐकू येतोय त्यात मिसळायचं. पहिल्या दोन वेळा नाही जमलं. तिसऱ्या वेळी माझ्या डावीकडच्या वसईच्या ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. थरथर थांबली होती. हॉलच्या खिडकीची काच मात्र वाजत होती.

त्या ताई पुढे स्टेशनपर्यंत सोबत चालल्या. त्यांच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेची मुभा मिळाली. त्यांची आई लॅटिन स्तोत्रं पाठ म्हणायची, त्या स्वतः रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतात. "अर्थ कळला की आवाज वेगळाच लागतो गं," म्हणाल्या. फुटपाथवर, केळीवाल्याच्या गाडीशेजारी, त्यांनी एक ओळ गाऊन दाखवली. चाल अभंगाचीच होती. मी तिच्याखाली आल्टो धरला.

आकडेवारी, ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी. ऑक्टोबरमधलं उतरणं ९० सेंट. तंबोऱ्यावर तीन मंगळवार केल्यावर ४०. गेल्या मंगळवारी १५. तंबोरा फक्त सुरुवातीच्या दहा मिनिटांना, गाताना नाही. दोन गोष्टींचा फायदा झाला असं मला वाटतं. एक, उतरत्या ओळीत पाऊल लहान टाकायचं, चढत्या ओळीत मोठं. दोन, दम आळीपाळीने घ्यायचा आणि परत येताना आधी ऐकायचं, मग स्वरात शिरायचं. हे दुसरं भजनी मंडळवाल्यांना आधीपासून येतं.

राहिलेली अडचण: बर्डच्या तुकड्यातल्या 'मिसेरेरे मेई'च्या आवर्तनांत आमचा कोमल गंधार अजून कोरडा आहे. थरथर न होणारा कोमल गंधार पियानोच्या जागेहून १६ सेंट चढा लागतो, आणि तो तंबोऱ्यातून आयता ऐकू येत नाही, पंचमाच्या आधाराने शोधावा लागतो. म्हणून येत्या मंगळवारी टेनरांना पंचमावर धरून ठेवायचं आणि आम्ही सहा जणींनी त्याच्याखाली तेवढीच दोन पानं गायची, असं सरांशी ठरलंय. तंबोऱ्यासाठी नवी खोळ शिवायला टाकली आहे, ती सोमवारी मिळेल.