थरथर थांबली तेव्हा

खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड आणि महिपतगडावर मी दर हिवाळ्यात लोकांना घेऊन जातो. गवत वाळलेलं, आकाश स्वच्छ, खाली बागांत आंब्याला मोहोर. आमचा खरा हंगाम हाच. इथे कोणाला त्रास झालाच तर उन्हाचा नाहीतर घसाऱ्याचा होणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. औषधांची पिशवीही त्याच हिशोबाने भरायचो: इलेक्ट्रॉल, क्रेप बँडेज, मलम, तापाच्या गोळ्या. कोकणात माणूस थंडीने आजारी पडेल, हे डोक्यातच नव्हतं.

जानेवारीतली ती रात्र महिपतगडावरची. बरोबर चौदा जण आणि वाटाड्या म्हणून ओळखीचे आबा. त्या दिवशी आम्ही सुमारगड करून आलो होतो. या तिन्हींत दमवणारा तोच. दाट रान, ढोरवाटांचं जाळं, आबांसारखा माणूस नसेल तर वाट चुकणार हे नक्की. गटात बाविसेक वर्षांचा एक सडपातळ मुलगा होता, पहिलाच ट्रेक. सकाळी चार घास पोहे खाल्ले, दुपारी भूक नाही म्हणाला. गडावर पोचलो तेव्हा घामाने निथळत होता. "दादा, अंग धुऊ का?" मी म्हटलं, "धू की." कोरडे कपडे आहेत का, एवढंही विचारलं नाही. ते माझं चुकलं. त्याने अंग धुतलं, तोच घामट सुती टीशर्ट आणि ओली जीन्स परत चढवली, जेवणातून लवकर उठला आणि चांदणं बघायला पारेश्वराच्या देवळाबाहेर कातळावर नुसती चादर टाकून आडवा झाला.

महिपतगड साधारण तीन हजार फूट उंच. माझ्या सॅकला लटकवलेल्या तापमापकात झोपताना नऊ अंश दिसत होते. नऊ अंशांनी काय होतंय, असंच कोणीही म्हणेल. पण रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि उघड्या माथ्यावर त्याला आडोसा कसला नाही. कोरड्या कपड्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. कापड भिजलं की त्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने निघून जाते. त्यात खालून गार कातळ आणि पोटात अन्न नाही.

दीडच्या सुमारास आबांनी मला हलवलं. "मघापासून त्याचे दात वाजत होते. आता पोरगा गप का झाला?"

आबांचं हे वाक्य मी विसरणार नाही. मी जागा असतो तर मला वाटलं असतं, झोप लागली बिचाऱ्याला. पण गारठलेल्या माणसाची थरथर अशी थांबते, ती शरीर स्वतःची ऊब करायचं सोडतं म्हणून.

टॉर्च मारला. ओठ निळसर. हाक मारली तर "ऊं" केलं, गाव विचारलं तर जीभ अडखळली. हाताला गार लागणं समजू शकतो, पण त्याच्या पोटावर हात ठेवला तर पोटही गार होतं. पाऱ्याचा तापमापक झटकून काखेत धरला, घड्याळ लावून पाच मिनिटं. बाहेर काढला तर पारा चढलाच नव्हता. हे तापमापक ताप मोजायला केलेले, 94 अंश फॅरनहाइटपासून सुरू होणारे; हा त्याच्याही खाली. काखेत आतल्यापेक्षा कमीच येतं हे धरूनही माझ्या घशाला कोरड पडली.

उचलून देवळात घेतला, अगदी हळू, कारण गारठलेल्या शरीराला धसमुसळेपणा सोसत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओले कपडे कात्रीने कापून काढले. खाली तीन कॅरीमॅट, वर कोरडे कपडे, दोन स्लीपिंग बॅगा, कानटोपी आणि सगळ्यावर आबांची घोंगडी. एक जण तळवे चोळायला बसला, त्याला थांबवलं. दुसऱ्याने सॅकमधून ब्रँडी काढली. तिलाही नाही म्हटलं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, माणसाला ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. शेकोटीजवळही नेला नाही. तोवर आबांनी तीन दगडांवर पाणी तापवलं होतं. ते बाटल्यांत भरून, मोज्यांत गुंडाळून दोन्ही काखांत आणि जांघेत ठेवलं. घोट गिळता येतोय याची खात्री झाल्यावरच गुळाचं गरम पाणी चमच्याचमच्याने. एका मुलाला फोनची रेंज शोधायला कड्याच्या बाजूला पाठवलं, 108 लावायला. त्याच्या टॉर्चचा ठिपका मी अर्धा तास बघत होतो.

तीन वाजून गेल्यावर घोंगडी हलली. त्याला पुन्हा कापरं भरलं होतं, दात कडकड वाजत होते. बाकीची पोरं घाबरली. मला मात्र रडू आलं, कारण शरीर स्वतःची ऊब करायला लागलं होतं. पाचला त्याने गावाचं नाव नीट सांगितलं. उजाडल्यावर खालच्या वाडीतून माणसं आली, त्यांनी त्याला डोलीतून उतरवलं, आणि दुपारपर्यंत तो खेडला डॉक्टरांसमोर बसून बोलत होता.

आता गडावर पोचलं की चहाच्या आधी मी प्रत्येकाच्या पाठीला हात लावून बघतो. ओली लागली की कपडे बदलल्याशिवाय चहा नाही. आबांना त्यांच्या घोंगडीच्या बदल्यात नवी घेऊन गेलो होतो, पण त्यांनी ती घेतली नाही. "तुझ्या सॅकमध्ये ठेव," म्हणाले. तिथेच असते.