आमची वाटचाल: बोटीवरची बी

पाकिटावर आम्ही ‘कोकणचा काजू’ छापायचो. फेब्रुवारी ते मे या काळात ते खरंही असायचं. आपली बी येते त्याच चार महिन्यांत. वाळवून साठवलेली दिवाळीपर्यंत पुरली तर नशीब. पुढे कारखाना चालता ठेवायचा तर बी बेनिनची, आयव्हरी कोस्टची नाहीतर टांझानियाची असायची. कुडाळजवळच्या आमच्या कारखान्याची ही बाजू मी कुणाला फारशी सांगत नसे.

वडिलांनी 1998 साली एक बॉयलर आणि दोन कटिंग मशिनं घेऊन सुरुवात केली. पहिली दहा वर्षं नुसती कर्जाची.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा हंगाम भरात होता. बागायतदार पोती घेऊन दारात, भाव पडलेला, आणि माझे हात रिकामे. लग्नं बंद, मिठाईची दुकानं बंद, मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पैसे अडकलेले. समोर स्वस्त बी असून घेता आली नाही, याची चुटपुट अजून आहे.

खरा फटका पुढच्या वर्षी बसला. चीनहून अमेरिकेकडे इतका माल निघाला की रिकामे कंटेनर तिकडेच ओढले गेले. आफ्रिकेतल्या बंदरांत बी पडून, भाडं कित्येक पटींनी वाढलेलं. आम्ही मंगळूरच्या एका आयातदाराकडून पोत्यांवर घेणारे. आम्हाला कोण विचारतो? बी उशिरा आली ती दमट होऊन. 80 किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो तो आउटटर्न. 48 सांगितलेला 44 वर उतरला. म्हणजे पोत्यामागे पावणेदोन किलोंहून जास्त गर गेला. आयातदाराने कागदावरच्या अटीवर बोट ठेवलं.

तेव्हा बाहेरची बी सोडली. आता वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती लावलेल्या तीसेक बागायतदारांना हंगामाआधी उचल देतो, आणि कारखाना आठ महिने चालवतो. हिशेब बसतो. फक्त सोलणीवरच्या एका मावशीने विचारलं, “शेट, मगे चार म्हयने आमी काय खावचा?”

उत्तर नव्हतं. बावीसजणींपैकी सहाजणी सोडून गेल्या. उरलेल्यांना आणखी दोन महिने काम मिळावं म्हणून यंदा पंधरा टन बी जास्त भरली आहे. पावसात ओल धरली नाही तर.