आमची वाटचाल: तीन दिवसांचा रिपोर्ट

बीओडीला, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते मोजायला, तीन दिवस लागतात. 27 अंशांवर, अंधारात, बंद बाटलीत. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण धंद्यातल्याच एकाने आम्हाला जवळजवळ बुडवलं, म्हणून सुरुवात तिथूनच.

2006 साली कोल्हापुरात शाहूपुरीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात आमची पाणी तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली. भांडवल म्हणजे दोन ब्युरेट, 300 मिलीच्या चाळीस बाटल्या आणि लिलावात मिळालेला जुना इन्क्युबेटर, म्हणजे एकच तापमान राखणारं कपाट. भारनियमनाचे दिवस. वीज गेली की 27 चे 33 व्हायचे आणि तीन दिवसांचा नमुना मोरीत. पहिल्या वर्षाची कमाई इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनीच खाल्ली.

भागीदार होते माझ्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे निवृत्त सर. मी केमिस्ट्रीवाला, नदी म्हणजे माझ्या लेखी बाटलीतलं पाणी. सरांनी मला कासारीच्या पात्रात उतरवलं, पायाने दगड ढवळले आणि खालच्या अंगाला जाळी धरली. दगडाला चिकटून बसणारी चपटी अळी निघाली की पाण्याच्या स्वच्छतेला 10 गुण, रक्तासारखी लाल निघाली की 2. त्या लाल अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू संपत आलेल्या गाळातही ती तग धरते. “बाटली आजचं सांगते, अळी गेल्या दोन महिन्यांचं,” सर म्हणायचे. शिरोळकडे बंधाऱ्याच्या डोहात मधला नमुना घ्यायला नाव नव्हती, तर एका गुऱ्हाळवाल्या मामांनी काहील दिली. गुळाच्या काहिलीत बसून पंचगंगा तपासणारी प्रयोगशाळा आमचीच, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि पाणी तपासायला सगळेच धावले. त्याच सुमारास गावात दुसरी प्रयोगशाळा उघडली. नाव लिहीत नाही. एसी, रंगीत माहितीपत्रक, निम्मे दर. आणि सकाळी नमुना दिला की संध्याकाळी बीओडीचा रिपोर्ट! तो कागद मी हातात घेऊन पाहिला. सही, शिक्का, आकडा दशांशापर्यंत. सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू, दोन तासांत उकळून होतो; त्याला तीनने भागलं की झाला बीओडी, असा हिशेब असावा.

आमची गिऱ्हाईकं एकेक करत तिकडे गेली. एकाने तोंडावर सांगितलं, “साहेब, तुमचा आकडा खरा असंल, पण आम्हाला फायलीला लावायला कागद लागतो.” आमच्याच बाटल्या धुऊन शिकलेला पोरगाही तिकडे गेला. मी एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. पोच मिळाली. पोच अजून जपून ठेवली आहे. दुसरं काहीच मिळालं नाही. गाळ्याचं भाडं पाच महिने थकलं. सर त्यांच्या पेन्शनमधून रसायनं आणत होते, हे मला फार उशिरा कळलं.

मग अण्णा आले. तलाव ठेक्याने घेऊन मासे सोडणारा माणूस. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेने दुपारी दोनला नमुना घेऊन विरघळलेला प्राणवायू 11 दाखवला होता, शेरा ‘उत्तम’. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे उलटे. आता 27 अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरला जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू मुरतो; 11 दिसला की हिरवं शेवाळ उन्हात काम करतंय हे ओळखायला नको? तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू पितं. आम्ही पहाटे साडेचारला तलावावर गेलो. बाटली पाण्याखालीच भरली, बुडबुडा राहू न देता. मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कली. साका तपकिरी बसायला हवा. बसला पांढराशुभ्र, म्हणजे पाण्यात प्राणवायूच नाही. अण्णांना केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही, पण तो पांढरा रंग बघून ते बांधावर खालीच बसले.

(मत्स्यपालनवाल्यांनो, नमुना सूर्य उगवायच्या आत घ्या. आणि नवीन प्रयोगशाळा काढणाऱ्यांनो, उधारी एका महिन्याच्या वर नाही, मग तो कारखाना असो नाहीतर सख्खा मेहुणा.)

2014 ते 2019 बरं चाललं.

2019 च्या ऑगस्टमध्ये जयंती नाल्याचं पाणी फुगून शाहूपुरीत शिरलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट. ती केव्हाच मागे पडली होती. आम्ही ब्युरेट आणि नोंदवह्या माळ्यावर टाकल्या. इन्क्युबेटर दोघांना उचलेना. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर तो आडवा पडलेला, आत गाळ, आणि गाळात लाल अळ्या. सर हयात असते तर त्यांनी आधी त्या मोजल्या असत्या. दुसरी प्रयोगशाळा उंचावर होती. तिला पाण्याचा थेंब लागला नाही. आजही चालते.

अण्णांनी वर्षभराच्या तपासणीचे पैसे आगाऊ आणून दिले आणि त्यांच्या गोदामावरची खोली उघडून दिली. पहिला मजला. तिथेच आहोत आम्ही अजून. आता मान्यताही आहे, डिजिटल मीटरही आहे. पण मीटरवर माझा भरवसा नाही, दर सोमवारी बाटलीतल्या आकड्याशी ताडून पाहतो.

ते आगाऊ पैसे केव्हाच फिटले. अण्णांचा तलाव अजून पहाटेच तपासतो. ते बांधावर उभे राहून विचारतात, “कुठला रंग?” तपकिरी म्हटलं की चहा सांगतात.