चि. सौ. कां. वरचं टिंब आणि वेबसाठी फोटो एक्सपोर्ट करण्याची भानगड

नारायण पेठेत माझ्या मामाची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, वास्तुशांत, झालंच तर साठीशांत. त्याला वेबसाइट हवी होती, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो त्याच्या आत, आणि मी ग्राफिक्सची थोडीफार कामं करतो म्हणून मला म्हणाला, "अरे तुझं दोन तासांचं काम आहे." मामाच्या तोंडी दोन तासांचं काम म्हणजे फुकटचं काम, हे कळत असून मी हो म्हणालो.

प्रेसमधल्या ऑपरेटर काकांनी पेनड्राइव्हवर २४ पत्रिकांचे स्कॅन दिले. मी ते आहेत तसेच वेबसाइटवर चढवले. आळस, दुसरं काही नाही. घरच्या वायफायवर पेज उघडलं, म्हटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. तो लक्ष्मी रोडवर एका गिऱ्हाइकाला मोबाइलवर डिझाइन दाखवत होता आणि नुसतं चक्र फिरत होतं. "तुझी साइट काय विसर्जनाच्या मिरवणुकीत अडकलीये का रे? टिळक चौकात पोचणार कधी?"

मग बसलो बघत. एकेक फाइल सहा एमबीच्या आसपास, २४ फाइली, म्हणजे पत्रिका निवडायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर आम्ही दीडशे एमबीचं ओझं टाकत होतो. स्कॅन ६०० डीपीआयवर केलेले, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके. ७ बाय ९ इंचाची पत्रिका म्हणजे ४२०० बाय ५४०० पिक्सेल, सव्वादोन कोटींच्या वर पिक्सेल होतात हो एका पत्रिकेचे. आणि फाइल सहा एमबीची असली तरी फोन ती उघडताना प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट धरतो, म्हणजे एकच पत्रिका मेमरीत नव्वद एमबी खाते. स्वस्तातला फोन गपगार पडतो तो इंटरनेटमुळेच असं नाही, हे पण कारण असतं.

काकांना म्हटलं साइज कमी करून द्या, तर त्यांनी ६०० डीपीआयचे ७२ करून दिले. फाइल तेवढीच! प्रेसवाल्यांची यात चूक नाही, त्यांचं आयुष्य इंचात गेलंय. पण स्क्रीनला इंच कळत नाही, ब्राउझर तो डीपीआयचा आकडा बघत पण नाही, त्याला फक्त किती पिक्सेल आहेत ते कळतं. पिक्सेल न बदलता नुसता डीपीआय बदलणं म्हणजे पोतं तेच ठेवून वरची चिठ्ठी बदलणं. मी रुंदी १२०० वर आणली, म्हणजे साडेतीन पट कमी, आणि रुंदी-उंची दोन्हीकडून कमी होत असल्यामुळे पिक्सेल बारा पटीनं कमी झाले. बाकी कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी. यादीतल्या छोट्या चित्रांसाठी वेगळी ६०० रुंदीची कॉपी केली, कारण मोबाइलवर शेजारीशेजारी दोन पत्रिका बसवल्या की ब्राउझरच्या मापात एकेक पावणेदोनशे पिक्सेलच्या आसपास रुंद होते आणि आताचे फोन त्याच्या तिप्पट पिक्सेल मागतात, मग ६०० मध्ये भागतं.

दुसरी गंमत रंगांची. स्कॅन सगळे सीएमवायकेत, छपाईच्या चार शाईंच्या हिशोबात, आणि स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशावर चालतो. अशी जेपेग ब्राउझरला दिली की कुठे कशी दिसेल सांगता येत नाही. माझ्या लॅपटॉपवर कुंकवाचा लाल भडक रेडियमसारखा चमकत होता. ते एसआरजीबीत आणायचं, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत. कुठला आकडा म्हणजे कुठला रंग हे सांगणारी माहिती म्हणजे प्रोफाइल, आणि फोटोशॉपमध्ये 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' असे दोन पर्याय शेजारीशेजारी आहेत, आणि आपल्याला हवं ते कन्व्हर्ट. असाइन फक्त लेबल बदलतं, आतले आकडे तेच राहतात, मग रंग अजूनच बिघडतात. मी हे आधी उलटं करून एक अख्खी संध्याकाळ घालवलीये, कोणाला सांगू नका.

आता फॉरमॅट. इंटरनेटवर सगळे एका ओळीत सांगतात, फोटोला जेपेग, लोगोला पीएनजी, आणि नवीन हवं असेल तर वेबपी किंवा एव्हिफ. लग्नपत्रिका यातली नक्की कोण? तिच्यात सोनेरी फॉइलची झाक आहे, ती फोटोसारखी. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं आहेत, ती लोगोसारखी. कोपऱ्यात गणपती आहे. तिन्ही एकाच कागदावर.

मी पहिली पत्रिका क्वालिटी ६० वर जेपेग केली, वेबसाठी ६० पुरे असं कुठेतरी वाचलं होतं. लांबून बरी दिसली. मग झूम केलं. वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' असतं ना, त्यात तीन पूर्णविराम आणि 'कां'वर एक अनुस्वार, एकूण चार टिंबं. त्यातला अनुस्वार जवळजवळ विरघळला होता, शिरोरेखेच्या वर कोणीतरी बोट फिरवल्यासारखा तपकिरी डाग, आणि अक्षरांभोवती पिवळ्यावर मुंग्या आल्यासारखे कण.

याचं कारण जेपेगच्या पोटात आहे. १९९२ सालचा हा फॉरमॅट चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीकसारीक चढउतार गाळून टाकतो. आकाश, चेहरा, साडीचा पोत असेल तर डोळ्याला काही कळत नाही. पण शिरोरेखेसारखी ठसठशीत कड आली की गाळलेल्याचे तरंग त्या चौकोनात पसरतात, त्याच त्या मुंग्या. दुसरं म्हणजे क्रोमा सबसॅम्पलिंग. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही, म्हणून उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची मात्र चार पिक्सेलना मिळून एक. चार जणांत एक मिसळ! लाल अक्षर पिवळ्यावर असलं की कडेला दोन्ही रंग एकमेकांत झिरपतात, आणि आपला अनुस्वार असतोच मुळात चार-पाच पिक्सेलचा, तो बिचारा सगळा कडच असतो. इंग्रजीत आयवरचं टिंब पुसलं तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे टिंब गेलं की 'कांदा'चा 'कादा' होतो, आणि पत्रिकेत असं झालं तर वधूपक्ष प्रेसमध्ये येऊन उभा राहतो.

म्हणून मी तेव्हापासून चित्र एक्सपोर्ट करताना अख्ख्या चित्राकडे बघतच नाही. शंभर टक्के झूम करून सगळ्यात बारीक अनुस्वार शोधतो आणि क्वालिटी हळूहळू खाली आणतो, तो मळायला लागला की तिथून दोन पायऱ्या वर. या पत्रिकांना गिंपमध्ये (फोटोशॉपसारखंच, पण फुकट) ८२-८५ ला जमलं, सबसॅम्पलिंग ४:४:४ ठेवून, म्हणजे रंगाची माहिती न गाळता. गिंपच्या एक्सपोर्ट डायलॉगमध्ये ते ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये लपलेलं असतं. तिथेच प्रिव्ह्यूची टिक केली की फाइल किती केबीची होणार ते पण दिसतं. आणि ८५ म्हणजे ८५ टक्के असं काही नसतं बरं का, एका सॉफ्टवेअरचा ८० दुसऱ्याच्या ८० शी जुळत नाही, फोटोशॉपच्या सेव्ह ॲजमध्ये तर आकडा १२ ला संपतो. त्यामुळे लोकांचे आकडे उचलू नका, माझेही नको.

वेबपी वापरून बघितलं, २०१० मध्ये गूगलनी आणलेलं, फाइल खरंच लहान होते. पण लॉसी, म्हणजे माहिती गाळून लहान होणाऱ्या वेबपीत रंगाची ती चारात एकवाली काटकसर सक्तीची आहे, बंद करता येत नाही. लाल-पिवळ्या पत्रिकेला तिथेच फटका बसला. स्क्वूश नावाचं एक फुकट टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे अपलोड होत नाही, मधली दांडी सरकवून आधीचं आणि नंतरचं शेजारीशेजारी बघता येतं. त्यात वेबपीच्या ॲडव्हान्स्डमध्ये शार्प कन्व्हर्जनची एक टिक आहे, ती केल्यावर बराच फरक पडला. शेवटी फुलाफुलांच्या, फॉइलच्या पत्रिका वेबपी, आणि लाल-पिवळ्या सोवळ्यातल्या पत्रिका जेपेग. एव्हिफमध्ये रंग पूर्ण ठेवता येतो आणि फाइल अजून लहान होते, पण बनायला वेळ लागतो आणि मामा रोज विचारत होता झालं का, झालं का.

कोपऱ्यातला गणपती मला एसव्हीजी हवा होता, रेषांचा, कितीही मोठा केला तरी न फाटणारा. काकांनी कोरलड्रॉची, म्हणजे प्रेसमधल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल दिली ती माझ्याकडे उघडली तर श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण मजकूर श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमधला आणि माझ्याकडे तो फॉन्टच नाही. "कर्व्ह करून द्या काका", म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या, म्हटल्यावर दोन मिनिटांत काम झालं. पण गणपतीच कुणीतरी ऑटो ट्रेस केलेला, म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअरनीच गिरवलेला, त्यामुळे रेषांना हजारो नोड, म्हणजे सांधे, एसव्हीजी पीएनजीपेक्षा जड! शेवटी इंकस्केप नावाच्या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं परत काढला. सोंड, दात, दोन डोळे, तीसेक नोडमध्ये बाप्पा बसला.

बाकी एक अपघात सांगतो. काही पत्रिका मामानी मोबाइलवर काढल्या होत्या. फोटोत एक्सिफ असतो, कधी काढला, कुठल्या फोननी, लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणा पण. तो काढायलाच हवा म्हणून मी सगळा डेटा सरसकट उडवला, आणि साइटवर त्यातल्या अर्ध्या पत्रिका आडव्या पडल्या. फोटो उभा दाखव ही सूचना पण त्याच डेटात असते. शिवाय रंगांचं प्रोफाइल पण उडालं, त्यामुळे मामाच्या आयफोनचे फोटो विटलेले दिसायला लागले. म्हणजे आधी फोटो खरोखर फिरवून घ्यायचा, एसआरजीबीत कन्व्हर्ट करायचा, मगच साफसफाई.

आणि हो, काका नाव बदलायचं असलं की जुनी जेपेगच उघडून त्यावर नवीन नाव टाकून परत जेपेग सेव्ह करतात. दर वेळी थोडा थोडा गाळ साठतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा. २०१२ च्या २.८ पासून गिंप सेव्ह केलं की स्वतःची एक्ससीएफ फाइलच करतं आणि जेपेगला वेगळं एक्सपोर्ट करायला लावतं, लोक त्यावर चिडतात, मला ते आवडतं.

असो. यादीचं पेज आता सव्वा एमबीच्या आत उघडतं. मामाला प्रेसमध्ये जाऊन दाखवलं, तो चष्मा कपाळावर सरकवून बोटानी सरकवत सगळ्या पत्रिका बघत बसला. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, त्यांना ती अकरा नंबरची बघायची होती. मी म्हटलं, "मामा, लिंक पाठव." मामानी माझ्यादेखत स्क्रीनशॉट काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकून दिला.

मी त्याच्या हातातला फोन घेतला, पाठवलेला फोटो उघडला, झूम केला. 'कां'वरचं टिंब होतं जागेवर.